जागा माहीत नाही

आमच्या चर्चच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा, की बटण दाबून मी आवारातल्या झाडांना पाणी घालून यायचो, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. मग मी त्याला शिव्या घालायचो. बायको म्हणायची, "देवाच्या दारात बसून यंत्राला शिव्या देणारा सेक्रेटरी आपल्याच मंडळीला मिळायचा होता." मी तापट आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी भित्रा आहे, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. मलाही त्या वर्षापर्यंत नव्हतं.

आमचं गाव नगर-राहुरी रस्त्यापासून जरा आत आहे. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो. मी कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. रिटायर झाल्यावर चर्चच्या पंच कमिटीनं मला सेक्रेटरी केलं, कारण मला 'कॉम्प्युटरमधलं कळतं'. गावात कुणाचा मोबाईल अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की लोक म्हणायचे, सरांना विचारा. मी सर कधीच नव्हतो. पण कुणी सर म्हटलं तर मी ते दुरुस्तही करत नसे. तिथूनच सगळं सुरू झालं असं आता वाटतं.

त्या कॉम्प्युटरमध्ये महत्त्वाचं म्हणाल तर एकच गोष्ट होती. आमच्या दफनभूमीचं रजिस्टर. पुढच्या ओळींत संगमरवरी कबरी आहेत, नावं कोरलेली आहेत, त्यांना रजिस्टर लागत नाही. मागच्या ओळी गरिबांच्या. तिथं मातीचा उंचवटा आणि वर लाकडी क्रूस, एवढंच. दहाबारा वर्षांत क्रूस वाळवी खाते आणि उंचवटा खाली बसतो. मग कोण कुठं आहे ते फक्त रजिस्टरात. 'लिंबापासून पूर्वेला तिसरी ओळ, पाचवी जागा,' अशा नोंदी, चारपाच वेगवेगळ्या हातांच्या. त्या रजिस्टरालाही वाळवी लागली, तेव्हा मी एक अख्खा उन्हाळा बसून ते सगळं टाइप केलं. मग कमिटीला म्हटलं, ही वाळवी कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांत जाईल, हे जाळून टाकू. कमिटीनं मान डोलावली. सरांनीच सांगितलं म्हटल्यावर कोण बोलणार? आवारातच जाळलं.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मऊ माणूस. ते तेवढं म्हणाले होते, "सर, एक प्रत छापून ठेवू या का?"

मी म्हटलं, "कागदावर कशाला? कागदालाच तर वाळवी लागली." आणि स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन हसलो. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर आणखी एक कॉपी ठेवली होती मी. एकाच घराच्या दोन खोल्यांत पैसे ठेवायचे आणि घर पेटलं की छाती बडवायची, त्यातलाच प्रकार. पण हे शहाणपण आत्ताचं.

जानेवारीत मी कमिटीला सांगितलं की ही जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती भराभर चालते. कुणीतरी म्हणालं, नगरहून माणूस बोलवू. मला राग आला. "मला काय येत नाही का?" म्हटलं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं जाऊन डिस्क घेऊन आलो. दुकानात एक बाई बसतात, तिशीच्या असतील, डोळ्यावर चष्मा, हातात कायम स्क्रू-ड्रायव्हर. त्या म्हणाल्या, "काका, आधी बॅकअप घ्या बरं का." मी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या पुढं काही बोलल्याच नाहीत.

शनिवारी दुपारी काम काढलं. कॅबिनेट उघडलं, ब्रशनं धूळ झाडली. जुनी डिस्क होती तशी ठेवली, नवी तिच्या शेजारी जोडली. जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवायचं, मग जुनी काढून घ्यायची, असा बेत. नवं भांडं आपण वापरायच्या आधी विसळून घेतो, तशी नवी डिस्क मी आधी फॉरमॅट करून घेतली. तिला नाव द्यायचं होतं. जुनीचं नाव होतं 'दफ्तर'. मी नवीलाही तेच दिलं, 'दफ्तर'. का दिलं? आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. माझंही माझ्या आजोबाचंच आहे. नव्यानं जुन्याची गादी चालवायची, म्हणून त्याचंच नाव. इतकं साधं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बायको डबा घेऊन आली होती. मी तिला कौतुकानं दाखवलं.

ती म्हणाली, "अहो, आजोबा जिवंत असताना नातवाला त्यांचं नाव देत नाहीत. हाक मारली तर दोघंही ओ देतील."

"तू डबा ठेव आणि जा," मी म्हटलं.

ती गेली. मी पेनड्राइव्हवरून कॉपी करायचा प्रोग्राम चालू केला. त्यानं डावीकडे विचारलं, कुठून? उजवीकडे विचारलं, कुठं? दोन्हीकडे तीच यादी: दफ्तर, दफ्तर. दोन्हीची साइज सारखी, कंपनीही एकच. खाली बारीक अक्षरात काही आकडे होते, ते वाचायला चष्मा लावायला हवा होता. चष्मा डब्याखाली गेला होता. मी म्हटलं, थोरल्याचा मान आधी, वरचं दफ्तर जुनं असणार. वरचं डावीकडे घातलं, खालचं उजवीकडे. मग प्रोग्रामनं इंग्रजीत बजावलं, की उजवीकडचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? मी हो म्हटलं. त्यानं परत विचारलं, नक्की? मी चिडून परत हो दाबलं. एकच गोष्ट दोनदा विचारलेली मला खपत नाही.

काम चारपाच मिनिटांत झालं. आणि मी, माझ्यासारखा गाढव मीच, खुर्चीत मागं रेलून म्हणालो, वा! काय स्पीड आहे! रिकामी डिस्क उतरवून घ्यायला वेळ लागत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी डबा उघडून जेवलो. मेथीची भाजी होती.

जेवून कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा आणि वर एक पांढरी ओळ, की यात चालू करण्यासारखं काही नाही. केबल काढून परत घातली. तेच. नवी काढून फक्त जुनी ठेवली. तेच. तेव्हा चष्मा शोधून डोळ्यावर चढवला आणि परत प्रोग्राम उघडून बघितलं. दोन्ही दफ्तरं कोरी होती. वरचं दफ्तर नवं निघालं होतं. मी खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसलो.

बरं, इथवर जे झालं त्याला चूक म्हणता येईल. माणसाच्या हातून होते. पुढचं सगळं मी समजून उमजून केलं.

मी नव्या डिस्कवर कोरं विंडोज टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळं तयार. पाळकसाहेबांचे उपदेश त्यांच्या स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये असतात, लग्नाचे आणि बाप्तिस्म्याचे फॉर्म मी घरून आणून परत घातले. बघणाऱ्याला वाटावं, सगळं जिथल्या तिथं आहे. दफनभूमीची फाइल तेवढी नव्हती. आणि ती रोज कोण उघडतं?

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर सूचना सांगताना पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, आपला कॉम्प्युटर आता बटण दाबल्याबरोबर चालू होतो, सरांनी फार कष्ट घेतले. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. त्या टाळ्या वाजत असताना उठून 'थांबा' म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि टाळ्या थांबल्यावर तर अजिबात नव्हतं.

बाहेर पडलो तर दारात बाई उभ्या होत्या.

बाई म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेच्या बाई. पहिली ते चौथी मला त्यांनीच शिकवलं. माझी सत्तरी जवळ आली तरी त्या मला 'काय रे' म्हणतात. त्यांचे यजमान मुळा कालव्यावर पाटकरी होते, कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं त्यांचं काम. ते तरणेताठे गेले, मुलगा तेव्हा कडेवर होता. मागच्या ओळींत त्यांना ठेवलं, वर बाभळीच्या लाकडाचा क्रूस. पुढं बाईंची बदली राहात्याकडे झाली, तिकडेच बरीच वर्षं गेली. परत आल्या तोवर क्रूस नव्हता, उंचवटा नव्हता, सगळीकडे गवत आणि काटे. बाईंनी मनाशी धरलं होतं, की आपल्या माणसावर एक नीट दगड बसवायचा. त्यांनी काळा दगड घडवून आणलासुद्धा होता. वर यजमानांचं नाव कोरलेलं आणि खाली मोकळी जागा. आमच्याकडे बायको गेली की नवऱ्याची जुनी कबर उघडून तिथंच तिला ठेवतात. ती मोकळी जागा बाईंच्या स्वतःच्या नावासाठी होती.

"काय रे," बाई म्हणाल्या, "तुझ्या त्या मशिनीत ह्यांची जागा लिहिलेली आहे ना? ईस्टरच्या आदल्या शनिवारी मुलगा सुप्याहून गवंडी घेऊन येतोय. कंपनीत रजा टाकलीय त्यानं. तेवढी जागा काढून दे."

"सलाम बाई," आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीप्रमाणे मी म्हटलं. "आहे ना. सगळं आहे. आत्ताच नवीन डिस्क टाकलीय, जरा लावायचंय. पुढच्या रविवारी देतो."

हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. एका कुटुंबानं चर्चला कॅमेरे दिले होते, एक दारावर, एक दफनभूमीच्या फाटकापाशी खांबावर. त्यांच्या रेकॉर्डरला डिस्क हवी होती. पाळकसाहेब म्हणाले, "सर, जुनी डिस्क आहे की, तीच लावली तर?" मी म्हणू शकलो असतो, की ती खराब झालीय. पण मग कुणीतरी विचारलं असतं, खराब कशी झाली? मी म्हटलं, "हो हो, उत्तम." आणि माझ्याच हातानं ती रेकॉर्डरमध्ये बसवली. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं. जिच्याकडे बघवत नव्हतं ती डोळ्यांआड गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी नगरला दुसऱ्या कामाला गेलो होतो. त्या दुकानात शिरलो. म्हटलं, माझ्या एका मित्राच्या हातून असं असं झालंय.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "मग डिस्क घेऊन या ना काका. अशा वेळी वरवरचं पुसलं जातं, आतलं बरंचसं तसंच असतं. आम्ही काढून देतो. फक्त त्या डिस्कवर नंतर काही लिहिलं गेलेलं नसलं म्हणजे झालं."

"कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला लावलीय."

त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "कधीपासून?"

मी सांगितलं.

"मग संपलं काका. कॅमेरा चोवीस तास लिहीत असतो. भरली की परत पहिल्यापासून वर लिहितो. तुमच्या मित्रानं त्याच दिवशी आणली असती तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. कोणता मित्र, ते त्यांना कळलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं.

आता खरं तर मोकळं होऊन सांगून टाकायचं. पण नाही. आता सांगायचं म्हणजे नुसती फाइल गेली एवढंच नाही, ती परत आली असती आणि मी ती घालवली, हेही सांगायचं. मी आणखी घट्ट तोंड मिटलं.

बाई दर रविवारी विचारायच्या. चिडून नाही, तगादा लावूनही नाही. दारात थांबायच्या, "सापडलं का रे?" एवढंच. कधी मी म्हणायचो, फाइल मोठी आहे, उघडायला वेळ लागतो. कधी म्हणायचो, जुने फॉन्ट नव्यात दिसत नाहीत. एकदा तर लाइट नव्हती म्हणालो, आणि त्या दिवशी उपासनेत पंखे फिरत होते. बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "बरं, पुढच्या रविवारी," म्हणाल्या. ज्या बाईंनी मला अक्षर ओळखायला शिकवलं, त्यांना मी फॉन्टची सबब सांगत होतो. आज हे लिहिताना कान गरम होतात.

मी आठवून बघत नव्हतो असं नाही. ती नोंद टाइप करताना मी थांबलो होतो, एवढं आठवत होतं, कारण नाव बाईंच्या घरचं होतं. निळ्या शाईतलं तिरकं अक्षरही डोळ्यांपुढं यायचं. लिंबापासून तिसरी ओळ, की चौथी? चौथी जागा, की सहावी? एकदा दफनभूमीत जाऊन उभा राहिलो. राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, "म्या आत्ता आलोय सायेब हितं. मागलं मला काय ठावं? तुमच्याकडं लिवल्यालं आसंल की." मनात एक नीच विचार येऊन गेला, की द्यावी एखादी जागा ठोकून. कोण तपासणार आहे? अगदी पावलं मोजून मी एक जागा बघूनही ठेवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

ईस्टर दहाबारा दिवसांवर आलं, तेव्हा दफनभूमीच्या फाटकाजवळचा पितळी नळ चोरीला गेला. पाळकसाहेब म्हणाले, सर, कॅमेऱ्यात बघा बरं. मंगळवारी सकाळी मी ऑफिसात बसून रेकॉर्डिंग लावलं. रविवारपासून पुढं पुढं पळवत बघत होतो. रविवारी उपासना सुटल्यानंतरची वेळ आली आणि फाटकातून बाई आत आल्या.

हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी रेकॉर्डिंग पळवायचं थांबवलं. बाई लिंबाच्या बुंध्याशी गेल्या, हात टेकून उभ्या राहिल्या, मग पावलं मोजत चालू लागल्या. एका ठिकाणी थांबल्या. इकडेतिकडे बघितलं. परत लिंबापाशी आल्या, परत मोजलं, या वेळी दुसरीकडेच थांबल्या. असं तीनदा झालं. मग त्यांनी पिशवीतून शेवंतीची फुलं काढली आणि ओळीच्या सुरुवातीला गेल्या. गुडघ्यावर हात दाबून वाकल्या, एक फूल ठेवलं. दोन पावलं पुढं, परत वाकल्या, दुसरं फूल ठेवलं. जिथं जिथं जमीन थोडी बसलेली दिसत होती तिथं तिथं एकेक. ती ओळ झाल्यावर पुढची ओळ धरली. प्रत्येक वेळी उठताना काठीला धरून थोडा वेळ उभ्या राहायच्या. शेवटी फुलं संपत आली, तेव्हा त्यांनी हातातल्या फुलाच्या पाकळ्या काढल्या आणि उरलेल्या जागांवर चिमूट चिमूट टाकल्या. कुणीही सुटू नये म्हणून. कुठल्या तरी एका जागेखाली त्यांचा माणूस होता.

हे सगळं मी ज्या डिस्कवरून बघत होतो, ती तीच डिस्क होती. त्यांच्या माणसाची जागा जिथं लिहिली होती, तिथं आता बाई ती जागा शोधत फिरत होत्या, आणि त्यांचं ते फिरणंच तिच्यावर लिहिलं गेलं होतं. मी तोंडात रुमाल कोंबून रडलो. बाहेर राखणदार झाडलोट करत होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. बघा, तेव्हासुद्धा ही काळजी! नळ कुणी नेला ते मी बघितलंच नाही.

उठलो आणि तसाच बाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. तो काळा दगड त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. मी सलाम केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोन दफ्तरं, चष्मा, टाळ्या, कॅमेरा, नगरचं दुकान, सगळं. बाई शेंगा मोडत राहिल्या.

"कधी झालं हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे पहिलंच उत्तर खोटं होतं."

"हो बाई."

"आणि तेव्हा ते परत मिळण्यासारखं होतं?"

"हो. त्या दिवशी नेली असती तर."

"मग का नाही नेलीस?"

"लाज वाटली बाई."

"कुणाची?"

शाळेत खोटं बोललं की बाई म्हणायच्या, हात पुढं कर. मला वाटलं, आता तसंच म्हणाव्यात. मी खरोखर हात थोडा पुढं केलाही असेन. पण त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "चुकलास, त्याचं मला काही नाही रे. पण एवढे रविवार मला आशेवर ठेवलंस. माझ्याकडे आता रविवार किती आहेत?"

मी त्यांच्या पायाशी ओट्याच्या पायरीवर बसलो.

त्या म्हणाल्या, "आत कपाटावर लांब वही आहे. आण. पेनही आण." मी आणलं. "रकाने पाड. नाव. गेल्याचा दिवस. जागा. कारण." मी म्हटलं, बाई, रजिस्टरात कारणाचा रकाना नसतो. "आता असेल," त्या म्हणाल्या. मी पट्टीनं रेघा मारल्या. त्यांनी यजमानांचं नाव सांगितलं, मी लिहिलं. दिवस सांगितला, लिहिला. "जागा?" त्यांनी विचारलं आणि थांबल्या. मी लिहिलं: माहीत नाही. "कारण?" मी लिहिलं: नोंद सेक्रेटरीच्या हातून पुसली गेली. बाईंनी वही ओढून घेतली, चष्मा लावून वाचली आणि परत माझ्यापुढं ठेवली. "अर्धंच लिहिलंस." मग मी पुढं लिहिलं: आणि ती परत मिळत असताना त्याने ते लपवले.

"वळणदार काढ अक्षर," त्या म्हणाल्या. "पुढच्यांना वाचता आलं पाहिजे."

रविवारी ते पान मी मंडळीपुढं वाचून दाखवलं. टाळ्या वाजवल्या होत्या त्याच माणसांपुढं. पाळकसाहेब मान खाली घालून उभे होते. मागच्या ओळींत ज्यांची माणसं आहेत अशी आणखी काही घरं होती. त्यांतल्या एका बाप्यानं उठून मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि मी ऐकून घेतलं. घरी जाताना बायको माझ्या शेजारून चालली. ईस्टरच्या आदल्या शनिवारी बाईंचा मुलगा आला, गवंडी आला नाही. मुलानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यात त्याचं काय चुकलं?

पण तो वहीचा दिवस अजून संपला नव्हता. मी वही मिटून उठायला लागलो, तेव्हा बाईंनी हात धरून मला परत बसवलं.

"खाली आणखी एक ओळ घाल," म्हणाल्या. "माझं नाव लिही."

"बाई..."

"लिही. पुढचे रकाने मोकळे ठेव. मला आता कुठंही ठेवा. त्या दोन ओळींच्या जवळपास ठेवलंत तर बरं. पण ठेवाल त्या दिवशी लिंबापासून टेपनं मोजायचं, आणि लोक माती लोटून घरी जायच्या आत ती जागा तू भरायची. मशिनीत नाही. इथं. पेनानं."

मी त्यांचं नाव लिहिलं. अक्षर वळणदार काढलं. ती वही आता चर्चच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे आणि तिची एक प्रत पाळकसाहेबांच्या घरी आहे. कॉम्प्युटर बटण दाबल्याबरोबर चालू होतो. दगड बाईंच्या ओट्यावर तसाच भिंतीला टेकून उभा आहे. रविवारी मी त्यांच्या घरावरून जातो तेव्हा म्हणतो, सलाम बाई. त्याही म्हणतात, सलाम. त्या आता काही विचारत नाहीत.